चपलांची राखण

कपाट आवरताना आईची निळी साडी हाती आली आणि काठावरची मिठाची पांढरी रेघ पाहून माझं डोकं पुन्हा तापलं. अंदमानला आम्ही सगळे रोज समुद्रात डुंबायचो आणि आई वाळूत बसून आमच्या चपला, मोबाईल राखायची. शेवटच्या सकाळी, विमानतळाकडे निघायच्या तोंडावर, ती उठली. “आता माह्या चपला तुमी पाहा. मी चालली पान्यात.” बाबा खेकसले, “आता कायले? बॅगा बांधून झाल्या. ओल्या लुगड्यानं इमानात बसशीन काय?” “बसीन,” म्हणत ती कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि लाट अंगावर आली तशी खळखळून हसली. विमानात ती कुडकुडत बसली, पण नजर खिडकीबाहेरच्या समुद्रावरून हलली नाही. बाबांनी अंगातलं जॅकेट काही काढून दिलं नाही. उलट दारव्ह्याला घरी परतल्यावर गल्लीभर सांगत सुटले, “हिनं इमानाची शीट ओली केली!” परवा पाहुण्यांपुढे पुन्हा तोच किस्सा निघाला, तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. “बाबा, आम्ही पाण्यात असताना आई तिथं काय करत होती, तेही सांगा ना.” बाबा चहाचा घोट घेत म्हणाले, “काय करनार? बसूनच तं होती.”