आडवा चमचा

इस्मेत गुरुवारी दुपारी आला, आणि तोही इस्त्रीचा शर्ट घालून. झेनूनने वरच्या खिडकीतून फाटकाशी थांबलेली गाडी पाहिली, तिच्यातून उतरलेले काळे बूट पाहिले, आणि तो काय ते समजला. इस्मेतचे ते बूट फक्त लग्नाला आणि मयताला निघायचे. त्या आठवड्यात गावात दोन्ही नव्हतं.

"वाल्देते, चहा ठेव गं. मोठी किटली."

बायको खाली ओट्यावर द्राक्षाच्या कोवळ्या पानांच्या जुड्या बांधत बसली होती. "कोण आलंय?"

"इस्मेत."

"मग मोठी कशाला? तो तर घरचाच."

"आज घरचा म्हणून नाही आलाय," झेनून म्हणाला आणि कठड्याला धरून, एक एक पायरी आडवा होत, खाली उतरू लागला. सरळ उतरणं त्याने दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. उजव्या गुडघ्यात पाणी साचायचं. महिन्यातून दोनदा राहोवेत्सच्या डॉक्टरकडे जाऊन ते काढून घ्यायचं, रविवारी पट्टी आवळायची आणि नव्वद मिनिटं उभं राहायचं. सोमवारी मात्र संडासला जायलाही भिंत लागे.

झेनून मोरिना सदतीस वर्षांचा होता. फुटबॉलमध्ये ते म्हातारपणच. त्यातून तो बचावपटू, म्हणजे ज्याचं काम दुसऱ्याचं काम होऊ न देणं. एकोणीस वर्षांत त्याने मोजून सात गोल केले होते, आणि त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात. गावातले लोक बाकीचे सहा विसरले. तो एक कुणी विसरलं नाही.

मागे उभं राहणं त्याच्या वाट्याला लहानपणीच आलं. लढाईच्या साली, अकरा वर्षांचा असताना, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तो घरच्यांबरोबर डोंगरापलीकडच्या देशात, कुकसच्या निर्वासित छावणीत गेला. तिथे तंबूंच्या मधल्या चिखलात पोरं चिंध्यांचा चेंडू खेळायची. झेनून अंगाने जड आणि पायाने मंद. थोरली पोरं म्हणाली, "तू मागे थांब, आणि कुणी आलं की आडवा हो." तो मागे थांबला. पुढे घरी परतल्यावर गावच्या क्लबात थांबला, मग सात वर्षं डोंगरापलीकडच्याच दुर्रेसला, दोन वर्षं तुर्कस्तानात दुय्यम साखळीत, आणि एक अख्खा हिवाळा स्वित्झर्लंडमध्ये, जिथे दिवसा गोदामात खोकी उचलायची आणि संध्याकाळी सराव. त्याच्या देशाच्या, कोसोव्होच्या, संघाला जगाने खेळायची परवानगी दिली तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याला बोलावणं आलं. एक सामना तो बाकावर बसला, अंगात नवा कोरा निळा पोशाख घालून. उठून अंग मोकळं कर, असं दोनदा सांगितलं गेलं, आणि दोन्ही वेळा परत बसवलं. त्यानंतर बोलावणं नाही. तो पोशाख आईने, हानुमेने, डांबराच्या गोळ्या घालून आपल्या पेटीत ठेवला होता, नमाजाच्या चादरीखाली.

चार वर्षांपूर्वी तो घरी परतला, ते एकच मनात धरून. गावचा क्लब कधी पहिल्या साखळीत, देशातल्या सर्वात वरच्या संघांत, गेला नव्हता. तो जावा आणि त्यात आपण एक हंगाम, एकच, घरच्या मैदानावर उभं राहावं. गेल्या रविवारी त्यातलं पहिलं झालं होतं. शून्य-शून्य बरोबरी पुरणार होती आणि ती झेनूनने पुरवली होती. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला रेषेवरून त्याने डोक्याने चेंडू बाहेर काढला, आणि कपाळावर अजून टेंगूळ होतं. क्लब वर गेला. आता प्रश्न एवढाच होता की झेनून त्याच्याबरोबर वर जाणार की नाही. आणि इस्मेत काळे बूट घालून आला होता.

हा इस्मेत अकरा वर्षं झेनूनच्या पाठीमागे गोलात उभा होता, आधी गावात आणि मग दुर्रेसला. आता क्लबचं सगळं तोच बघायचा. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं हे ठरवणारे दुसरे, पण जाऊन सांगणारा इस्मेत.

"ये रे ये. कपाळ बघायला आलास का?"

"तुझ्या कपाळाला काय होतंय? चेंडू फुटला असेल," इस्मेत म्हणाला. पण हसला नाही. वाल्देतेने त्याचे बूट उचलून, तोंडं दाराकडे करून, नीट लावून ठेवले. दोघे वर बैठकीत जाऊन बसतात न बसतात तोच हानुमे भिंतीला धरून आत आली, तसा इस्मेत उठून उभा राहिला.

"बस बाळा, बस. वरच्या अंगाला बस. आई कशी आहे तुझी?"

"बरी आहे, आई. देवाची कृपा."

"आणि पोरी?"

"त्याही."

"शुक्र आहे," म्हातारी म्हणाली आणि माळ ओढत कोपऱ्यात बसली.

त्यांच्यात पाहुण्याला का आलास असं कुणी विचारत नाही. आधी चहा. छोट्या पेल्यांत, लाल, कडक, दोन खडे साखर. पेला रिकामा झाला की यजमानाने भरायचा, आणि पाहुण्याला पुरे झालं की त्याने चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा. तो आडवा होईपर्यंत कामाची गोष्ट निघत नाही. झेनूनच्या वडिलांनी ही रीत इतकी पाळली होती की एकदा शेजारी गंजीला आग लागल्याचं सांगायला आला आणि त्यालाही आधी चहा मिळाला. गंजी जळाली. गाव अजून हसतं.

झेनूनने पहिला पेला भरला, दोन खडे टाकले. दुसरा भरला. बोलणं द्राक्षांवर गेलं, यंदा गारा पडल्या नाहीत यावर गेलं. तिसरा भरला.

चौथ्याला त्याला स्वतःचंच कळलं, की आपण काय करतोय. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन अंगावर येतो तेव्हा झडप घालायची नसते. घातली की तो बाजूने निघून जातो. नुसतं समोर राहायचं, मागे मागे सरकत, त्याला वेळ खायला लावायचं, कडेला न्यायचं. कुणी मदतीला येईल, नाहीतर शिट्टी वाजेल. एकोणीस वर्षं त्याने हेच केलं होतं आणि आता किटली घेऊन तेच करत होता. मदतीला कोण येणार होतं, ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

"रविवारचा तो कोपऱ्यावरचा चेंडू आठवतो?" त्याने विचारलं आणि पाचवा पेला भरला.

"आठवतो ना. तू उडी मारली नाहीस. तो तुझ्या डोक्यावर येऊन आपटला."

"जागा कुणी पकडली होती पण?"

"जागा! अरे, तुला तिथून हलताच येत नव्हतं, म्हणून तू तिथे होतास."

वाल्देते दाराशी उभी होती. ती फसकन हसली. चौदा वर्षं तिने बर्फाच्या पिशव्या भरल्या होत्या, परक्या गावांतल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये चार वेळा संसार मांडून चार वेळा आवरला होता. जे सांगायचं ते सांगून टाकावं या माणसाने, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. ती म्हणाली, "इस्मेतभाऊ, चीज आणू? भाकरी ताजी आहे."

"नको वहिनी. चहाच बरा."

झेनूनने सहावा भरला. इस्मेतने चमचा उचलला, बोटांत फिरवला, पेल्याच्या काठापर्यंत नेला आणि परत बशीत ठेवला. झेनूनने तेवढं बघितलं आणि त्याला मनातून बरं वाटलं, की अजून नाही. सातवा पेला. दोन खडे.

कोपऱ्यातून हानुमे म्हणाली, "झेनून, त्याला घाम फुटलाय बघ. खिडकी उघड."

खिडकी उघडीच होती. झेनूनने तेव्हा प्रथम इस्मेतकडे नीट पाहिलं. शर्ट पाठीला चिकटला होता. ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते आणि तो सारखा डोळे मिचकावत होता. आणि मग एकदम आठवलं. इस्मेतने खेळणं सोडलं ते काही वयामुळे नव्हे. त्याला साखर होती. डोळ्यांवर आली होती, लांबून येणारा चेंडू दुहेरी दिसायला लागला होता. दुर्रेसच्या दवाखान्यात त्याच्याबरोबर गेलं होतं कोण? झेनूनच. आणि आता तोच त्याला एकामागून एक साखर पाजत बसला होता. सात पेले, चौदा खडे. इस्मेतने एका शब्दाने नको म्हटलं नव्हतं. नको म्हणायचं तर चमचा आडवा करावा लागला असता, आणि चमचा आडवा केला की बोलावं लागलं असतं.

नवख्या बचावपटूला पहिली शिकवण हीच असते. चेंडूकडे बघत राहिलास तर माणूस सुटतो. झेनून इतका वेळ चेंडूकडे बघत बसला होता.

त्याने किटली खाली ठेवली. त्याचा स्वतःचा पेला तोंडही न लावता भरलेला होता, पहिला तो पहिलाच. त्याने चमचा घेतला आणि त्या भरल्या पेल्यावर आडवा ठेवला.

हानुमेच्या हातातली माळ थांबली. पाहुण्याच्या आधी यजमानाने चमचा ठेवलेला तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. "झेनून!" ती म्हणाली. "लाज आहे का? बाप असता तर..."

"असू दे, आई," झेनून म्हणाला. मग इस्मेतला, "बोल बाबा. पुरे झालं. नाहीतर तू इथेच पडशील आणि तुझी बायको माझ्या नावाने शंख करेल."

इस्मेतने पेला खाली ठेवला.

"त्यांना पोरगा मिळालाय. प्रिश्तिनाचा. बावीस वर्षांचा."

"चांगला आहे?"

"वेगवान आहे."

"वेग असला म्हणजे झालं असं नाही."

"मी सांगितलं रे. दोन तास सांगितलं. म्हणाले, एक सामना देऊ, पहिला, घरच्या मैदानावर. दहा मिनिटं खेळायचं, मग तुला बाहेर घेतील आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतील. फुलं वगैरे."

दहा मिनिटं. कडक उन्हात ताठ उभं राहून टाळ्या घ्यायच्या. बाकावर बसवलेल्या त्या निळ्या पोशाखाची त्याला आठवण झाली.

"नको," तो म्हणाला. "रविवारी नव्वद मिनिटं झाली. तेवढी पुरेत. त्यांना सांग, शेवटचा सामना शून्य-शून्यच राहू दे."

इस्मेतने मान डोलावली. त्याचे डोळे भरले होते, पण घामात ते कळत नव्हतं. वाल्देतेने न विचारता पाण्याचा तांब्या आणि चीजचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. "खा भाऊ. आणि घरी गेल्यावर सुई टोचून साखर बघा." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ काही वाजलं नाही.

"तू खाली नको येऊस," जिना उतरताना इस्मेत म्हणाला. "गुडघा."

"पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायचं असतं. आईसमोर दोन रीती मोडू काय एका दिवसात?"

दोघेही आडवे उतरले, एक गुडघ्यामुळे, दुसरा डोळ्यांसमोर अंधारी येत होती म्हणून. खाली झेनूनने गाडीच्या किल्ल्या त्याच्या हातातून काढून घेतल्या आणि वेलांच्या सावलीत त्याला पाव तास बसवून ठेवलं. डोळ्यांसमोरची अंधारी गेल्यावर किल्ल्या परत दिल्या. गाडी द्राक्षमळ्यांमधून वळून दिसेनाशी होईपर्यंत तो फाटकाशी उभा राहिला, सवयीने उजवा पाय उचलून.

वर बैठकीत हानुमे दुपारच्या नमाजाला उभी राहिली होती. झेनून तिच्या मागे, भिंतीशी, आवाज न करता बसला. तिने नमाज संपवत दोन्ही खांद्यांकडे सलाम फिरवला, हात उघडले, ओठ हलले. कुणासाठी काय मागितलं ते त्याने विचारलं नाही. मग ती न वळताच म्हणाली, "रविवारी मला तो निळा पोशाख पेटीतून बाहेर काढून दे. उन्हात घालते. कसर लागेल."

"घाल."

त्याचा पेला तिथेच होता. चहा निवला होता, वर साय धरल्यासारखा पातळ तवंग आला होता. झेनूनने चमचा उचलून बशीत ठेवला आणि तो गार चहा शेवटपर्यंत प्यायला.