आधी पाटलीण, मग पाहुणा

कमलकाकूंच्या घरी तोंड उघडायचं असेल, तर ते आधी खाण्यासाठी उघडावं लागतं. वीजमीटर वाचायला आलेला असो, वर्गणी मागायला आलेले असोत, नाहीतर मत मागायला आलेला उमेदवार. उंबरा ओलांडला की पुढ्यात ताटली येते. येणारा काही सांगू लागला की काकू हात आडवा करतात. "आंधी खाय. गोठ काय पळून जाते?"

मीही अशीच खात बसले होते. मी दर्यापूरची. पाण्याच्या हक्कासाठी पत्रकं लिहिणं, ती वाटणं, आणि लोक वाचत नाहीत म्हणून पुन्हा लिहिणं, हे माझं काम. त्या कामासाठी अकोल्यात राहायला जागा हवी होती आणि काकूंची वरची खोली रिकामी होती. तोंडात आलूपोहे असताना समोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं. जिथं इतरांकडे टीव्ही असतो, तिथं निळ्या दिव्याखाली काचेची भलीमोठी टाकी होती. आत खऱ्या समुद्रातले खडक. आणि काकू जारचं शुद्ध पाणी बादलीत ओतून त्यात पाकिटातलं समुद्री मीठ ढवळत होत्या.

माझ्या पिशवीतल्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'पाणी हा उपकार नाही, अधिकार आहे'. पोहे गिळले आणि मी सुरू झाले. नळाची वाट पाहणाऱ्या गावात मासोळ्यांना विकतचं पाणी, तेही मुद्दाम खारट करून, ही चैन नाही तर काय आहे, असं मी थेट विचारलं. खोली हातची जाणार हे कळत होतं, पण अन्याय समोर दिसला की मी जीभ आवरत नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. बादली ढवळणं मात्र थांबलं नाही.

"झालं? बरं बोलतं तू. आता खोली पाहाची का?"

अशी मी त्यांची भाडेकरू झाले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी 'पत्रकवाली'.

काकू माळ्याच्या घरातल्या. नवरा गेल्यावर हारफुलांचं दुकान त्यांनी एकटीनं चालवलं, मुलीचं लग्न अमरावतीत करून दिलं. महिला मंडळाच्या सहलीत मुंबईला गेल्या तेव्हा बाकीच्या बायकांनी पर्सेस आणि कानातली आणली. काकूंनी मत्स्यालयात एक मासा पाहिला आणि तिथंच उभ्या राहिल्या. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे. इंग्रजीत त्याला क्लाउनफिश म्हणतात, म्हणजे विदूषक. काकूंना विदूषक दिसलाच नाही. "झेंडूत शेवंती ओवली होती ना बाई कोणी. अन् तो हार पोहून राहिला होता." जन्म फुलं ओवण्यात गेलेल्या बाईला दुसरं काय दिसणार?

टाकीत आधी दोन होते, पाटील आणि पाटलीण. या जातीत मादी मोठी, राज्य तिचं, नर लहान आणि तिच्या धाकात. मला हे कळलं तेव्हा टाकीवरचा माझा राग थोडा निवळला, हे कबूल. पण खरी गंमत पुढं आहे. पाटलीण मेली, आणि काही काळानं पाटीलच पाटलीण झाला. खरंच. या माशांत तसंच असतं, मादी गेली की नर वाढतो आणि मादी होतो. काकू हे येणाऱ्याजाणाऱ्याला शेजारच्या घरची बातमी सांगावी तसं सांगायच्या. "पदावर बसली का बाई, अंगात आपोआपच येते." मी ते वाक्य आमच्या बैठकीत वापरलंसुद्धा. बायका हसल्या आणि पुरुष टाकीचा पत्ता विचारू लागले.

ही नवी पाटलीण मात्र एकटी पडली. अकोल्याच्या उन्हाळ्यात माणसं भिंतीला पाठ लावून गप्प बसतात, तशी ती टाकीतल्या मातीच्या कुंडीत बसून राहायची. ती कुंडी तिचं घर. बाहेर आली की काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाला धडका द्यायची. काकूंनी ठरवलं, जोडीदार आणायचा.

मी विरोध केला. समुद्रातला जीव पकडायचा, डब्यात घालायचा, आणि इथं आणून भांडकुदळ मालकिणीच्या तोंडी द्यायचा? काकू म्हणाल्या, हा समुद्रातला नाही, टाकीतच जन्मलेला आहे. मी म्हटलं, तुरुंगात जन्मला म्हणून कैदी नाही, असं असतं का? आणि तिनं मारला तर? काकूंनी एकदा टाकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मेला तं टाकी बंद. पाटलीण दुकानात वापस. टाकीत मी सांबार लावतो."

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हे वाचून हसू येईल, मला आलं नाही. काकूंचा शब्द मला माहीत होता. भावकीच्या भांडणात कधीतरी त्या म्हणाल्या होत्या की भावकीच्या गल्लीत पाय ठेवणार नाही. भांडण मिटलं, भांडणारे एकमेकांकडे जेवू लागले, काकू मात्र बाजारात जाताना अजून वळसा घालतात. आणि दुकान मुलीच्या हट्टानं बंद केल्यापासून त्या घरात जिवंत, हलणारं, सकाळी उठून ज्याच्याकडे बघावं असं काही असेल तर ती टाकीच होती. माशाच्या जिवाबरोबर तीही पणाला लागली.

पाहुणा अमरावतीच्या दुकानातून आला. मुलीला भेटायचं निमित्त, काम हे. फुगवलेली प्लास्टिकची पिशवी, ती थर्माकोलच्या डब्यात, डबा काकूंच्या मांडीवर, आणि काकू एसटीत. मूर्तिजापूरपर्यंत आख्ख्या बसला कळलं होतं की आत काय आहे. उतरल्या तेव्हा एका म्हातारबांनी डब्याला हात लावून नमस्कार केला म्हणे. त्यांना वाटलं, देव आहेत.

दुकानदारानं पक्कं समजावून दिलं होतं. नवा मासा लहानच हवा, बरोबरीचा आणला तर खुनाखुनी. पिशवी टाकीत तरंगत ठेवायची, थेंब थेंब टाकीचं पाणी तिच्यात सोडायचं. खडकांची जागा बदलायची, म्हणजे जुनीला आपलं वतन कुठून कुठवर हे कळेनासं होतं. आणि नव्याला लगेच सोडायचं नाही, जाळीत ठेवायचं, दोघांनी एकमेकांना नुसतं बघायचं. काकूंनी भाजी धुवायची भोकाभोकाची नवी टोपली आणली आणि टाकीच्या काठाला बांधली. त्यात तो एवढासा, माझ्या करंगळीच्या पेराएवढा. पाटलीण टोपलीवर धडका मारत होती. मी तिला तोंडावर हुकूमशहा म्हटलं. ती काचेजवळ आली आणि माझ्याकडे बघून उलटी फिरली.

धडका कमी झाल्या तसं काकूंनी टोपली काढली. सकाळची वेळ, आम्ही दोघी टाकीसमोर. पाटलीण कुंडीच्या तोंडाशी होती, पाहुणा कोपऱ्यात. काकूंनी चिमटीत खाणं घेतलं, पाण्यात हात घातला आणि अगदी प्रेमानं पाहुण्याच्या तोंडाशी सोडलं.

पाटलीण सुटली. मला फक्त केशरी रेघ दिसली. तिनं त्याच्या शेपटीचा लचका तोडला, तो खडकाला आपटला, ती पुन्हा वळली. काकूंनी हात मध्ये घातला तर तिनं काकूंच्या बोटाचाही चावा घेतला. कसाबसा पाहुणा टोपलीत परत आला. शेपटी फाटलेली, आडवा पडून श्वास घेत होता. मी काही बोलणार होते. काकूंचा चेहरा बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा तयार वाक्य गिळलं.

काकूंनी दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर. सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं, मग काय चुकलं? त्यानं एकेक विचारलं. खडक हलवले? हलवले. दिवा बंद होता? होता.

"खाऊ आंधी कोणाले घातला?"

"कोणाले म्हंजे? पाहुण्याले."

मग तो म्हणाला, "काकू, मासोळ्या हायेत त्या. सोयरे नाई."

मला हसू फुटलं, काकूंना नाही. त्यांना चूक पटत नव्हती. दारात आलेला उपाशी आणि घरचा आधी जेवतो? वऱ्हाडात हे कसं चालेल? दुकानदार सांगत राहिला की जुनीचं पोट भरलं, तिचा मान राहिला, की मगच ती नव्याला जागा देते. तिच्यादेखत नव्याला आधी दिलं म्हणजे तिला घरातून काढल्यासारखं झालं. फोन ठेवल्यावर काकू बोट चोळत बसून राहिल्या. मग टोपलीकडे बघत म्हणाल्या, "मी या घरात आली ना, तवा सासू सगळ्यात आंधी जेवे. मी सगळ्यात मांगून. मले लय राग ये. तवाच ठरोलं, आपल्या घरी नवीन माणूस आंधी." टोपलीची गाठ आवळत म्हणाल्या, "पण मले कोणी टोपलीत नाई ठेवलं बाई. सरळ सोडलं."

मी पत्रकं लिहिते. असं वाक्य मला कधी सुचलं नाही.

शेपटी भरून येईपर्यंत टोपली बांधलेली राहिली. काकू रोज पाटलिणीला आधी खाऊ घालायला शिकत होत्या, आणि ते त्यांना जड जात होतं. पहिली चिमूट कुंडीपाशी सोडताना त्या पाहुण्याकडे पाठ करायच्या. त्याच सुमारास माझ्या ताटातही आधी वाढायचं की नंतर, याचा त्यांचा गोंधळ होऊ लागला.

दुसऱ्यांदा टोपली काढली तेव्हा मी बैठक पुढं ढकलली होती. कारण विचारलं तर घरगुती सांगितलं. काकूंनी पाटलिणीला पोटभर घातलं. ती खाणं सोडून वळेपर्यंत घातलं. मग टोपली तिरपी केली. पाहुणा बाहेर आला. पाटलीण त्याच्यावर धावली, तो पळाला. पुन्हा धावली. काकूंनी माझं मनगट धरलं. "धावली तं धावू दे. चावली तं मधात पडू."

तिसऱ्यांदा तो पळाला नाही. जागेवरच आडवा झाला आणि थरथरू लागला. फीट आल्यासारखा, अंगभर. मी ओरडले, काकू, मेला, काढा त्याला. काकूंची पकड सुटेना. "मेला नाई. पाया पडून राहिला तो. दुकानदारानं सांगतलं होतं."

मी भडकले. पाया पडणं मला मुळातच मान्य नाही. भीतीनं कापणाऱ्याला नम्र म्हणायचं, ही तर जुनीच चाल. काकू टाकीवरची नजर न काढता म्हणाल्या, "तुह्या पत्रकात लेहजो ते. आता चूप राय."

पाटलीण त्याच्याभोवती फिरली. तोंड त्याच्या अंगाजवळ नेलं. मग तीही एकदा थरथरली, लहानशी, उत्तरादाखल असावी तशी, आणि कुंडीत निघून गेली. तो मागोमाग गेला. कुंडीच्या काठाशी थांबला. तिनं हाकललं नाही. दोघांच्या शेपट्या एकाच दिशेनं हलत होत्या.

काकूंनी मनगट सोडलं तेव्हा तिथं बोटांच्या खुणा उठल्या होत्या. त्या जमिनीवरच बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि हसू लागल्या. मीही बसले. कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, निवडून आलो. टाकी वाचली होती, पाहुणा वाचला होता, आणि मी स्वतःच मागून घेतलेलं वचन वसूल करायची वेळ आली नाही, याचा मला झालेला आनंद मी कुठल्याच पत्रकात लिहू शकणार नव्हते. तुरुंगाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. काकूंना ते माहीत आहे, आणि त्यांनी यापुढं नवा मासा आणायचा नाही असं आपणहून सांगितलं आहे. आहेत ते मात्र सुखानं म्हातारे होणार.

पुढं मी परतवाड्याला आले, तिथल्या बायकांच्या गटात काम करायला. पहिल्याच बैठकीत गटाच्या जुन्या अध्यक्षबाईंनी माझं सगळं म्हणणं मध्येच तोडलं, खुर्ची नाही म्हणाल्या, आणि चहा सगळ्यांना देऊन झाल्यावर मला दिला. मी उठून जायच्या बेतात होते. बाहेर येऊन काकूंना फोन लावला आणि सगळा अन्याय क्रमवार सांगितला. मागं टाकीच्या पंपाची घरघर ऐकू येत होती. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"चावली का?"

"नाई, काकू. चावन कायले?"

"मंग जमून राहिलं. जाय, आत जाऊन बस."

मी गेले आणि बसले.