व्याह्यांच्या दाढेतला पारा

"हलू नका" म्हटलं की जो माणूस हमखास हलणार, ते आमचे व्याही. नांदेडच्या दवाखान्यात ते मोठ्या एक्स-रे यंत्राला हनुवटी टेकवून, दातांत कांडी धरून उभे होते. यंत्र डोक्याभोवती फिरत होतं. तेवढ्यात कांडी काढून म्हणाले, "दिसला का पारा?" चित्रात एकेका दाताचे दोन झाले. व्याही म्हणाले, "बघा, वाढले."

हे माझ्या लेकीचे सासरे, राहणार रेणापूर. दाढेत पूर्वी चांदी भरलेली. चांदीत पारा असतो हे मोबाईलवर पाहिलं आणि ती काढून पांढरं भरून घेतलं. तरी पारा खाली राहिलाच, हा हट्ट. दाढ कधी दुखली नाही, हे विशेष. चहा थंड करून प्यायचे, गरमानं पाऱ्याची वाफ होते म्हणून. जेवायला माझ्या शेजारी बसायच्या आधी बजावायचे, "विहीणबाई, बोरमाळ काढून ठेवा. पारा सोनं खातो." सराफाकडं पाऱ्यानं पांढरी पडलेली अंगठी त्यांनी एकदा पाहिली होती, तेव्हापासून त्यांच्या घरच्या बाया दागिने डब्यात ठेवून जेवतात. मी काही काढली नाही. सोनं पिवळंच राहिलं, तर म्हणाले, "खोटं असंल."

हसून सोडलं असतं. पण नातू आठ महिन्यांचा झाला तरी व्याह्यांनी त्याला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. दारातूनच टाळ्या वाजवायचे. लेकीला वाटायचं, सासऱ्याला पोर नकोसं आहे. रडायची. म्हणून मीच सगळ्यांना दवाखान्यात आणलं.

दुसऱ्यांदा उभं करताना तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, गळ्यात-कानात काही नाही ना? सोनं काढून ठेवा." व्याह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू सरकारनं शिक्का मारला. मी म्हटलं, "आता हललात तर मुंडकं मी धरते." हलले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. दाढेच्या तळाशी खसखशीएवढा ठिपका. "जुनी चांदी थोडी राहिलीय. त्यात पारा आहे, पण घट्ट बसलेला. वरून बंद आहे, कुठं जात नाही. उकरू नका."

मला वाटलं, माणूस आता खाली बसतो. व्याही तर नवरदेवासारखे खुलले. "म्या म्हनलं न्हवतं? हाय का न्हाई?" बाहेर नंबर लावून बसलेल्या बायांनाही बोलावून ठिपका दाखवला. मग डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, "वाफबी न्हाई? लेकराला?"

"नाही."

त्यांनी लेकीपुढं हात केले. "आण माय इकडं."

धरायचं कसं ते ठाऊक नाही. कलिंगड धरतात तसं धरलं. पोरानं लगेच त्यांच्या तोंडात बोटं घातली, थेट दाढेपर्यंत. आम्ही थिजलो. व्याही तोंड उघडं ठेवून तसेच उभे. कुणी न सांगता, अजिबात न हलता.

आठ महिने वाया गेले ते गेले. पोर आता शाळेत जातं. व्याही आहेत, ठिपका आहे, मीही आहे अजून.