श्रीधरदादा आणि दुपारची हवा

श्रीधरदादा गेल्याचं मला त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि पेपर हातात द्यायला ती आली तोवर सगळं संपलं होतं… मी गौलीगुड्याला पोचले तेव्हा दारात चपलांना जागा नव्हती. कोठीच्या बाजारातले दुकानदार, पुस्तकवाले, बुरख्यातल्या बायका, सगळे दादांचे रुग्ण. दादांच्या पत्नी मालतीवहिनींनी मला जवळ बसवून घेतलं आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "ही कुमुद." एवढंच. त्या बाईंनी मान हलवली, जणू माझी सगळी हकीकत त्यांना आधीपासून ठाऊक होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं. आता महिना उलटून गेला तरी ती लाज अंगावरून उतरलेली नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

दादांचे आणि माझे वडील निजामाच्या काळापासून एकाच कचेरीत होते, घरंही एकाच गल्लीत. दादा डॉक्टर झाले, कोठीत एका औषधाच्या दुकानावर माडीवर दवाखाना थाटला आणि छातीच्या विकारांसाठी नावाजले. रुग्णांशी अस्सल दखनीत बोलत. "सांस अंदर लेव अम्मा, जल्दी नक्को," असं म्हणत पाठीवर नळी टेकवत. मी शाळेत मराठी शिकवत होते आणि दमा मला पहिल्या बाळंतपणानंतर लागला. माझं सासरही गौलीगुड्यातच, बस स्टँडच्या जवळ, त्यामुळे खिडकी उघडली की डिझेलचा धूर आत. दादांनी माझ्या यजमानांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "हिला इथून हलवा. विद्यानगरकडे जा, तिकडे झाडी आहे, मोकळं आहे." आम्ही गेलो. सासूबाई वारल्या ती खोली सोडताना हे रडले होते, पण माझ्यासाठी गेलो. दादांनी आणखी एक सांगितलं. सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर गाड्यांची गर्दी, तेव्हा बाहेर पडू नकोस. दुपारी शाळेतून आलीस की तिथल्या युनिव्हर्सिटीच्या झाडांखालून फिरत जा, फुप्फुसं उघडतील.

मी बरीच वर्षं इमानाने फिरले. पावसाळ्यात, थंडीत बरं असे. उन्हाळा लागला की मात्र छाती आवळून येई, खोकल्याची उबळ वर्गात मुलांसमोर थांबत नसे, आणि पोरं एकमेकांकडे बघत. लग्नकार्यात मी मागच्या रांगेत बसायची, दम्याचा पंप ओढायला बाथरूममध्ये जायची. दादांकडे गेले की ते औषध वाढवत आणि रागावत. "कुमुद, तू पंप नीट ओढत नाहीस. इतकी शिकलेली बाई तू." मी नापास झालेल्या मुलीसारखी त्यांच्यासमोर उभी राहायची. घरी आरशासमोर पंप ओढायची तालीम केली. यजमान हळूच म्हणत, "चालणं जरा कमी कर." मी त्यांच्यावरच चिडायची. डॉक्टरांनी सांगितलंय ना…

यजमान गेले, मी निवृत्त झाले. मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, दादा रिक्षातून माझ्या दारात उतरले. घामाने सदरा चिकटलेला. आत येऊन बसले नाहीत, उभेच राहिले.

"कुमुद, मी तुला इतकी वर्षं चुकीचं सांगितलं."

मला काही समजेना. मग ते बोलू लागले. त्यांच्या लक्षात आलं होतं की उन्हाळ्यात दुपारनंतर गुदमरून येणारे रुग्ण कोठीतले कमी आणि आमच्या बाजूचे जास्त असतात. डॉक्टरांच्या एका सभेत कुणा तरुण संशोधक मुलीने हवेवर बोलताना त्याचं कारण सांगितलं होतं. गाड्यांचा धूर आणि रंगाच्या, औषधांच्या कारखान्यांतल्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडलं की हवेत ओझोन तयार होतो. वर आकाशात तो आपल्याला राखतो, खाली नाकातोंडात गेला की छातीला आतून सोलतो. गाड्यांच्या गर्दीत ताजा धूरच त्याला खाऊन टाकतो, वाऱ्याबरोबर पुढे मोकळ्या जागेत तो साचतो, आणि दुपारी सगळ्यांत जास्त असतो.

"धुरातून काढलं ते ठीक होतं," दादा म्हणाले. "पण ऐन दुपारी तुला त्याच्या तोंडी मीच दिलं. वर तुलाच रागावलो. मला माफ कर."

आणि माझ्या घरात, माझ्यासमोर, त्या माणसाने हात जोडले. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे मान वर करून बघत आम्ही वाढलो, ते. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. "अहो बसा ना, चहा टाकते," एवढंच तोंडून निघालं. ते चहा पिऊन गेले.

त्यांनी तिथेच सोडलं नाही. शहराच्या हवेवर सरकारी कचेरीत बैठक होती, तिथे मला सोबत नेलं. मी मागच्या खुर्चीवर बसले. साहेब सभ्य होते. म्हणाले, "डॉक्टरसाब, शहराची सरासरी ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे."

"विद्यानगरकडे मोजायचं यंत्र आहे?" दादांनी विचारलं.

"नाही."

"मग मर्यादेच्या आत आहे हे कुणाच्या छातीला विचारलंत?"

साहेब म्हणाले, "पण ओझोन कुणाच्याच धुराड्यातून निघत नाही. नोटीस द्यायची कुणाला?"

"तो ज्यापासून बनतो ते कुठून येतं ते शोधा. दुपारी दवाखान्यात कोण येतं ते त्याच्या शेजारी मांडा. मग नोटीस कुणाला द्यायची ते कळेल." मग दादा माझ्याकडे वळले. "या बाई इथे बसल्यात. यांना मी स्वतः आजारी ठेवलं. मला माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे."

सगळी सभा वळून माझ्याकडे बघू लागली. मी पदर तोंडाशी धरला आणि बैठक संपताच, दादांची वाट न पाहता, बस पकडून घरी आले.

पुढे काही वर्षांनी आमच्या भागात एका कॉलेजच्या गच्चीवर यंत्र बसलं. उन्हाळ्यातल्या दुपारी आकडा मर्यादा ओलांडायला लागला तेव्हा माझ्या जुन्या शाळेने खेळाचा तास सकाळी घेतला. मी आता पहाटे फिरते, आणि उन्हाळाही बरा जातो. हे सगळं दादांना जाऊन सांगावं असं कितीदा वाटलं. पण माफीचा विषय निघेल, पुन्हा ते हात जोडतील, या भीतीने मी त्यांचा दवाखानाच टाळला. औषध दादांच्या घरून, शेजारच्या मुलाला पाठवून मागवत राहिले.

परवा मालतीवहिनींनी दवाखाना आवरायला बोलावलं. खोली तशीच होती, टेबलावर त्यांचा चष्मा, खुंटीवर पांढरा कोट. "बस त्यांच्या खुर्चीवर," वहिनी म्हणाल्या. मला बसवेना. मी रुग्णांच्या स्टुलावर बसले आणि न राहवून म्हणाले, "वहिनी, मी त्यांच्यावर कधीच रागावले नव्हते. एक दिवससुद्धा नाही."

वहिनी कोटाची घडी घालत होत्या.

"तुझं औषध न्यायला तो मुलगा माझ्याकडे घरी यायचा ना," त्या म्हणाल्या. "त्या रात्री जेवताना हे मला हमखास विचारायचे, कुमुद काही म्हणाली का गं…"

वहिनींनी कोट माझ्या मांडीवर ठेवला आणि त्या खिडकी लावायला उठल्या.