रत्नागिरीच्या गॅरेजचं दार

मिरच्यांची देठं काढणं अर्ध्यावर आलं होतं. ब्याडगी झाली होती, लवंगी अजून पोत्यातच होती आणि हात असे भगभगत होते की डोळ्याला पदर लावायची सोय नव्हती. तेवढ्यात पोस्टमननं उंबऱ्यातून निळं आंतरदेशीय पत्र आत सरकवलं. अक्षर गणपतरावांचं. मी हात धुऊन आले आणि उभ्याउभ्याच वाचलं.

"चि. सोमलिंग, दार उत्तम आहे. पहिले पंधरा दिवस तुझी वहिनीही खूश होती. आता मात्र तिनं खूळ घेतलंय, खोली तापते म्हणते. शीतगृहाच्या जातीचं दार ते, तापेल कसं? डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात गार-गरम नीट कळत नाही, भ्रमही होतो. सयाजीनं गोळ्या सुरू केल्या आहेत. आता दुपारभर झोपून असते, ओरडणं थांबलं. रत्नव्वाला म्हणावं, दोन समजुतीच्या ओळी लिही. तिचं ती ऐकेल."

सोमलिंग म्हणजे माझे मालक, रत्नव्वा मी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं शटर आणि ग्रिलचं लहानसं वर्कशॉप आहे. सासऱ्यांचं गडहिंग्लजकडं किराणा दुकान होतं, पण यांचं लक्ष कधी तागडीत रमलं नाही. आयटीआय करून वारणानगरला दूध संघात फिटर म्हणून लागले आणि शीतगृहाच्या दारांवर अकरा वर्षं काढली. त्या दारांनी त्यांना एक सवय लावली. कुठंही गेले की आधी दारावर तळहात ठेवायचा, मग बोटानं ठोकून आवाज ऐकायचा. आमच्या लग्नात लोक अक्षता मुठीत धरून उभे आणि नवरदेव कार्यालयाच्या दाराची बिजागरी हलवून बघतोय! बोलणं कमी. जेवताना मीठ कमी असलं तरी सांगणार नाहीत, पण शेजाऱ्याचं फाटक कुरकुरलं तर तेलाची बुधली घेऊन जाणार.

गणपतराव तिथंच स्टोअरकीपर होते. कॉलनीत आमची भिंतीला भिंत. त्यांची बायको धोंडुबाई म्हणजे माझी आक्का. मी लग्न होऊन आले तेव्हा कानडीशिवाय मला काही येत नव्हतं. आक्कानं मला मराठी शिकवलं ते शिव्या घालून. "आगं मुकी हाईस का? नळाला पानी आलंय म्हनून वरड की!" मी ओरडले नाही तर माझी घागर मागं सारून स्वतःची लावायची. आठ दिवसांत मी ओरडायला शिकले.

रिटायर झाल्यावर दोघं सयाजीकडं, मुलाकडं, रत्नागिरीला गेली. त्यानं समुद्राच्या अंगाला घर बांधलंय. खाली गॅरेज, वर राहायचं. तिथं आक्काला पक्षाघात झाला, डावी बाजू गेली, जिना सुटला. मग तिचा पलंग खाली गॅरेजात टाकला. समोरची सगळी बाजू म्हणजे पत्र्याचं शटर आणि तेही पश्चिमेला. माघात गणपतराव मुद्दाम एसटीनं कोल्हापूरला आले.

"सोमलिंग, तव्यावर ठेवल्यागत हुतंय रं तिला. शीतगृहासारखं दार कर."

"भिंतच घाला की, साहेब."

"सयाजी म्हणतोय भिंत नको, पुढं गाडी घेणार हाय."

"कवा?"

"त्येला इचार."

शटर गुंडाळलं जातं, त्यात काही भरता येत नाही. म्हणून मालकांनी दोन झडपांचं दार धरलं. अँगलची चौकट, दोन्हीकडून पत्रा, मधे दोन इंची थर्माकोल, खाली खारी हवा अडवायला रबरी पट्टी. समुद्राकाठी लोखंड आतूनच सडतं म्हणून आतल्या बाजूला रेड ऑक्साइड रंगाचे दोन हात द्यायचे ठरवलं. घरासाठी असं दार त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. रोज जेवताना हातानं हवेत पत्रा दाखवून मला समजावायचे. एवढं बोललेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

आता माझं लिहिते. त्या महाशिवरात्रीला स्वामी आमच्या घरी पाद्यपूजेला येणार होते. पाच वर्षांनी आमची पाळी आली होती. चार वाजायची वेळ दिलेली. तीन वाजून गेले तरी मालकांचा पत्ता नाही, म्हणून मी ओल्या केसांनीच वर्कशॉपवर गेले. ते ब्रश घेऊन वाकले होते.

"अवो, स्वामी मठातनं निघालं असतील."

"दुसरा हात वला हाय अजून. उद्या बंद करतो."

"टेंपो उद्या पहाटेच जाणार न्हवं?"

"व्हय."

"मग आत्ताच लावा की. आत कोण बघाय जातंय?"

त्यांनी ब्रश डब्यात टाकला. मग थर्माकोल बसवला, पत्रा टाकला, रिवेट मारले. उरलेल्या तुकड्यांचा हातभर नमुनाही त्याच रंगावर बंद केला, गिऱ्हाइकांना दाखवायला. आम्ही वेळेत घरी पोचलो. पूजा यथासांग झाली. स्वामींच्या पायावर पाणी घालताना मला भरून आलं होतं. टेंपोबरोबर मालकही गेले आणि दार बसवून दुसऱ्या दिवशी परत आले.

पत्र वाचून त्यांनी घडी केली. "डॉक्टर म्हणत्यात तर आसंल," एवढंच म्हणाले. पण चहा तसाच ठेवून वर्कशॉपला गेले. संध्याकाळी मी डबा न्यायला गेले तर नमुना मेजावर उघडा पडलेला. आत थर्माकोल नव्हता. पत्र्याला पिवळट, कडक खपली चिकटलेली आणि मधे सगळी पोकळी.

"थिनरनं हळूहळू खाल्लं," ते म्हणाले. "वल्या रंगातला थिनर. त्यात थर्माकोल इरघळतो. दारात बी हेच झालं असणार."

म्हणजे आक्का खरं बोलत होती. खोली तापत होती. तापते म्हणाली म्हणून तिला गोळ्या चालू झाल्या होत्या.

मला वाटलं, आता हे लगेच कळवतील. अकरा दिवस गेले. ते दोनदा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेले, दोनदा नंबर न फिरवता परत आले. "लाईन लागंना," म्हणाले. बूथवाल्याच्या बायकोनं मला दळणाच्या रांगेत सांगितलं, नुसते बसून गेले म्हणून. वहीत मी रोज एकच ओळ लिहीत होते, आज आक्काला आणखी एक गोळी. लिंगपूजेला बसले की तळहातावरच्या लिंगावर नजर ठरेना. शेवटी अकराव्या रात्री वाढता वाढता मीच बोलले.

"मी बोलावलं म्हणून झालं. माझं नाव सांगा, पण सांगा."

"तू बोलावलंस. रिवेट मी मारलं." त्यांनी भाकरी ताटात ठेवली. "गणपतरावांनी माझ्या शब्दावर इश्वास ठिवून बायकोला खुळी ठरवलं. त्येंच्या तोंडाकडं कसं बघू, ते सांग."

"तिच्या तोंडाकडं बघा."

दुसऱ्या दिवशी थर्माकोलचे तावच्या ताव गाडीच्या टपावर बांधून आम्ही निघालो. आंबा घाट उतरलो तशी अंगाला घामाची चिकटी सुरू झाली. दुपारी दोनला पोचलो. गॅरेजात पाय ठेवला आणि माझा श्वासच अडला. कोपऱ्यातली खिडकी लावून घेतलेली, पंखा बंद.

"खिडकी का लावलीसा?" मी विचारलं.

"गारवा बाहेर जाईल की," गणपतराव म्हणाले. "शीतगृहाचा नियम हाय. दार, खिडकी उगंच उघडायची न्हाय."

मालकांनी दारावर तळहात ठेवला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. बोटानं ठोकलं. रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा आवाज आला. मग ड्रिल घेऊन त्यांनी रिवेट काढले आणि आतला पत्रा उचलला. तीच खपली, तीच पोकळी.

"साहेब, वैनी बरोबर हुत्या. चूक माझी हाय. वल्या रंगावर दार बंद केलं मी."

गणपतराव त्या पोकळीवर वाकले. खिशातनं चष्मा काढला, लावला, परत बघितलं. "मी तिला खुळी म्हणलो रं," ते म्हणाले. "रोज म्हणलो."

ड्रिलच्या आवाजानं आक्का जागी झाली होती, पण डोळे जड. अर्ध्या तोंडानं बोलते, शब्द घोळतात. मी तिच्या उशाशी बसले. उशी ओली होती. "आक्का, घाई मी केली. स्वामी येणार हुते, पूजेची वेळ झालती."

तिनं मान माझ्याकडं वळवली.

"म्हंजी देवानंच भाजलं म्हण की मला."

मी तिची उशी उलटी केली. तीच पुढं म्हणाली, "मला सांगून काय? मला म्हाईत हुतं. सयाजीला सांगा. गोळ्या त्येनं लावल्यात."

"तुमीच सांगा की त्येला," मी गणपतरावांना म्हणाले.

"माझं आयकणार न्हाय. म्हणंल, आईनं रडून तुमाला फितवलं. तिच्या कुठल्या बी बोलण्यावर आता त्येचा इश्वास न्हाय." ते मालकांकडं वळले. "दार तू केलंस. तूच सांग."

खिडकी उघडली, पंखा लावला. मालकांनी दोन दिवस दाराशी काढले. आतला रंग पूर्ण वाळलाय का, ते नखानं खरवडून बघत. नवा थर्माकोल कोरडाच, पाचर मारून बसवला. जेवायला वर बोलावलं तर गेले नाहीत, तिथंच पायरीवर भाकरी खाल्ली. वर्कशॉपवर वेंगुर्ल्याचे एक पावणं तसंच दार सांगून गेले आहेत. मी विचारलं तर म्हणाले, "त्येला शटर लावून दीन. ह्ये काम आपलं न्हवं." पुन्हा हातानं हवेत पत्रा दाखवला नाही. वारणानगर सोडल्यापासून त्यांना मनापासून आवडलेलं हे एकच काम होतं.

आज दुपारी दार पुरं झालं. ऊन पश्चिमेला कललं तेव्हा मी तळहात ठेवून बघितला. आतली बाजू भिंतीसारखी लागत होती. आवाजही भरीव. मालक आक्काच्या पलंगाशी येऊन उभे राहिले. तिनं सांगावं, बरं वाटतंय की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. पण बाराची गोळी दिलेली होती. डॉक्टरांनी आणि सयाजीनं ठरवलेली गोळी चुकवायची गणपतरावांची छाती झाली नव्हती. आक्का तोंड उघडं टाकून झोपली होती. मालकांनी दोनदा "वैनी" म्हणून हाक मारली. मग तिथंच खाली बसले. ऊन उतरलं, दार निवलं, तरी ती जागी झाली नाही.

दिवा लावून मी इथंच, तिच्या उशाशी, विभूती लावून बसले आहे. मागणं मागायला तोंड होत नाही.

सयाजी चिपळूणला बँकेत असतो, घरी शनिवारीच येतो. शनिवारला अजून तीन दिवस, म्हणजे तीन गोळ्या. मालकांनी पोकळ दारातल्या खपलीचा एक तुकडा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला आहे. उद्या सकाळी सातच्या गाडीनं ते चिपळूणला बँकेत जाऊन सयाजीला भेटणार आहेत.