आपापला चौकोन

चार जणांनी मिळून एखादं काम केलं की काम एक होतं आणि किस्से चार होतात. त्यात काम रांगोळीचं असेल तर विचारूच नका, कारण रांगोळी दोन दिवसांत झाडूखाली जाते आणि मंडळींच्या हाती किस्सेच उरतात. आमच्या परभणीच्या रांगोळी मंडळात मी बरीच वर्षं आहे. माझ्या हातात कला म्हणावी असं काही नाही. मी तहसीलमधला कारकून, रेघ सरळ येते एवढ्यावर मला घेतलं. त्यामुळे इतरांची भांडणं निवांत बघायला मिळाली.

*

मंडळ म्हणजे गव्हाणे सर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. त्यांची पद्धत ठरलेली. मोठ्या फोटोवर चौकोन आखायचे, कात्रीने कापायचे आणि प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा द्यायचा. जमिनीवर चुन्यात भिजवलेल्या दोरीने मोठे चौकोन पाडायचे आणि ज्याचा जो तुकडा, तो त्याने आपल्या चौकोनात जसाच्या तसा उतरवायचा. अख्ख्या फोटोची दुसरी प्रत सरांच्या खिशात. "शेजारच्याच्या चौकोनात बघायचं न्हाई अन् सोताचं डोकं चालवायचं न्हाई," हे सर दरवेळी सांगत.

आमच्यातले बाळासाहेब येलदरीला वीज खात्यात नोकरीला. एकदा असेच सुट्टी टाकून आलेले. सकाळपासून वाकून वाकून तपकिरी रंग भरत होते. संध्याकाळी कुटुंब रांगोळी बघायला आलं, सोबत सासरेही. चित्र बैलजोडीचं, सुरेख झालेलं.

"जावईबापू, तुमचं कोणतं?" सासऱ्यांनी विचारलं.

बाळासाहेबांनी बोट दाखवलं. "हे पोट."

"दोन्ही बैलांचं?"

"न्हाई, एकाचंच. ते बी निम्मं."

*

मंडळातल्याच कमलकाकू आणि बाळासाहेब यांचं एकदा चाळणीवरून वाजलं. रंग पसरायची बारीक जाळीची चाळणी एकच, आणि ती दोघांनाही एकाच वेळी हवी. दोघांचं बोलणं बंद झालं. नेमकी त्या वर्षी स्पर्धेतली रांगोळी एका म्हाताऱ्या आजीच्या चेहऱ्याची होती, आणि चौकोन असे पडले की आजीचा उजवा डोळा मधोमध चिरला. निम्मा काकूंकडे, निम्मा बाळासाहेबांकडे.

शेजारी बघायचं नाही हा सरांचा नियम होताच, आता बघायची इच्छाही नव्हती. काकूंनी आपलं अर्धं बुबुळ शांत, पाणीदार काढलं. बाळासाहेबांनी आपलं अर्धं काळंकुट्ट आणि जरा वरच्या अंगाला. चौकोनांच्या रेघा पुसल्यावर आजी अशा बघायला लागल्या की समोरून जाणारा माणूस चप्पल नीट करायचा.

सर कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात परीक्षक आले, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "डोळ्यात काय भाव पकडलाय हो! माया बी हाय अन् जरब बी हाय." पहिलं बक्षीस आम्हाला.

परतताना रिक्षात सर एवढंच बोलले, "चुकून बक्षीस मिळत असंल तर मी कशाला घसा कोरडा करायलोय?"

*

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'गव्हाणे सरांनी साकारलेली रांगोळी.' काकूंनी पेपर घडी घालून शेवयांच्या डब्याखाली ठेवला. सर म्हणाले, "मी काय पेपरवाल्याला सांगायला गेलतो काय?" मग कोण गेलं होतं, हे कोणी विचारलं नाही.

*

आता सुलभाताईंचं सांगतो. सुलभाताई राणीसावरगावला प्राथमिक शाळेत शिक्षिका. लहानपणी सरांच्याच वर्गात होत्या. आमच्यात खरा हात त्यांचाच, हे सरांसकट सगळ्यांना माहीत. म्हणूनच त्यांना कायम पार्श्वभूमी मिळायची. रंग एकसारखा पसरायचा तर सुलभाच पाहिजे, असं सरांचं म्हणणं. आभाळ, भिंत, गवत यातच बाईंची वर्षं गेली.

एकदा येलदरी धरणाची रांगोळी होती. पाणी सुलभाताईंकडे. त्यांनी निळा पसरला आणि वरून चिमटीने पिवळट, जांभळट असं काही सोडत गेल्या. ऊन उतरताना धरणाचं पाणी कसं जड दिसतं, तसं ते दिसायला लागलं. मी माझी रेघ सोडून बघत बसलो. मला वाटलं, आता यात हात घातला तर ओला होईल.

सर आले. खिशातली प्रत काढून त्यांनी पाण्याशी ताडून पाहिली. मग चाळणी घेतली आणि स्वतःच्या हाताने वर सपाट निळा पसरला.

"सर, पाणी असं नसतंय," सुलभाताई म्हणाल्या.

"फोटोत असंच हाय. मनासारखं काढायचं असंल तर एकटीच्या अंगणात काढ."

"काढते," असं म्हणून त्यांनी हात झटकले.

त्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. बस यायची होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, इतकी वर्षं झाली, पण लेकीला 'ही माझी' म्हणून दाखवावी अशी एक रांगोळी न्हाई माझी. आभाळ दाखवू का तिला?" तेवढ्यात बस आली, मी त्यांची पिशवी आत दिली. मला वाईट वाटलं, ते अजून वाटतं.

*

सुलभाताई मंडळ सोडून गेल्यावर आमच्यात क्रांती झाली. काकू म्हणाल्या, ज्याने त्याने आपल्या चौकोनात मनासारखं काढायचं, नाहीतर आम्ही पण निघालो. सर म्हणाले, "काढा." त्यांचा तो आवाज ऐकूनच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

विषय मोर. काकूंनी पिसाऱ्यात पैठणीचे काठ भरले. बाळासाहेबांनी मानेला अशी चमक दिली की मोर आतून पेटलाय असं वाटावं. माझ्या वाट्याला पाय होते. मी स्वातंत्र्याचा फायदा घेऊन त्यांना सरळ रेघा केल्या.

संध्याकाळी धोतर-टोपीतले एक बाबा येऊन उभे राहिले. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

"वावर कुणाचं हाय हे?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मोर हाय तो," काकू म्हणाल्या.

"असंल," बाबा म्हणाले. "पर भावाभावांत वाटण्या लय झाल्यात."

सर मागे बाकड्यावर बसून चहा पीत होते. इतका चवीने चहा पिताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

*

वैशाखात कळलं की पोखर्णीला नरसिंहाच्या मंदिरासमोर सुलभाताई रांगोळी काढणार आहेत. एकट्या. गावातल्या मंडळींनीच बोलावलं होतं. आम्ही जायचं ठरवलं. सरांना विचारायची कोणाची छाती नव्हती, तर सरच जीपमध्ये येऊन बसले. "दर्शनाला यायलोय," म्हणाले. त्यांना देवदर्शनाला जाताना कोणी पाहिलेलं नाही.

पोचलो तेव्हा सुलभाताई पटांगणात बसलेल्या. ना दोरी, ना चौकोन, ना फोटो. मांडीवर प्रल्हादाला घेतलेला नरसिंह निम्मा झाला होता. राग गेल्यावरचा चेहरा होता तो. शेजारी त्यांची लेक रंगाच्या वाट्या घेऊन बसलेली.

आणि वारं सुटलं. वैशाखाचं वारं, धुळीसकट. प्रल्हादाचे केस उडाले, मग खांदा फिकट झाला. सुलभाताई एका हाताने पदर आडवा धरून दुसऱ्या हाताने रंग सोडत होत्या, पण पदर तो केवढा. त्यांचे डोळे भरून आले होते, धुळीने म्हणावं तर म्हणा.

आम्ही एकमेकांकडे बघतोय तोवर सर मंडपवाल्याकडे पोचले होते. त्याच्याकडून त्यांनी दोन मोठ्या चादरी ओढून आणल्या. "बघत काय बसलात? धरा!" एका चादरीला काकू आणि बाळासाहेब, दुसरीला मी आणि सर. वाऱ्याच्या बाजूला आडोसा करून उभे राहिलो. हाताला रग लागली, तोंडात धूळ गेली. सरांचं वय झालेलं, तरी कोणी बदलायला आलं की मानेनेच नको म्हणत.

सुलभाताईंनी एकदा वर बघितलं आणि पुन्हा खाली वाकल्या. प्रल्हादाचा खांदा परत भरला, केस आले, नरसिंहाची आयाळ उतरायला लागली. सर चादरीवरून मान काढून काढून बघत होते. शेवटी राहवलं नाही.

"सुलभा, डावा कान मोठा व्हायलाय."

सुलभाताईंची चिमूट थांबली नाही. मानही वर केली नाही.

"सर, तुमी चादर धरा."

सरांनी चादर धरली.