मराठी आकड्यांतले पासष्ट

एक चूक मी वर्षभर लपवली. नागपूरच्या आमच्या वसतिगृहात पन्नास किलोमीटरपलीकडच्या मुलींनाच प्रवेश मिळे. ऑनलाइन अर्जातल्या अंतरावरून ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवणारे एक्सेलचे सूत्र मी बसवले होते, आणि त्याचा मला हास्यास्पद गर्व होता.

भिवापूरची एक बाई माझ्या प्रवेश-खिडकीशी आली. पदराने मोबाइलची काच पुसून तिने मुलीचा अर्ज माझ्यापुढे धरला. अंतराच्या रकान्यात मराठीत ‘६५’ लिहिले होते. माझ्या सूत्राला फक्त इंग्रजी आकडे कळत. इतर काहीही दिसले की ते ‘अपात्र’ लिही. हे मला त्याच क्षणी उमगले. तरी मी म्हणालो, ‘‘कम्प्युटरनं नाकारलं आहे.’’

‘‘काहून साहेब? माह्या पोरीले दोन्ही आकडे वाचता येते. तुमचा कम्प्युटर कितवी नापास हाय?’’

रांग हसली. मी कपाळाला आठ्या घालून पुढचा अर्ज मागितला. जागा दुसरीला गेली.

परवा अर्जातल्या क्रमांकावर मी फोन केला.

‘‘लवकर बोला, पोरीची एसटी यायचा टाइम झाला. नागपूरले रोज जाऊन-येऊन राहिली ते.’’

‘‘बाई, तुमच्या मुलीला कम्प्युटरनं नव्हे, मी नाकारलं. तेव्हाच मला कळलं होतं. मला माफ करा.’’